उन्हाळी चॉकलेट, गोव्याचा मोगरा आणि विस्मृतीत गेलेले मराठी गंधशास्त्र

१. मंडळी, आजचा धागा सुगंधाच्या इतिहासावर आहे. लिंबू-संत्र्याच्या सालीचा तजेला, मधोमध मोगरा आणि तळाशी चॉकलेट अशी रचना असलेले, खास उन्हाळ्यासाठी म्हणून विकले जाणारे परफ्यूम हल्ली सर्रास मिळतात. त्यावर आपल्याकडे दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. पहिली : ‘चॉकलेट अंगाला लावायचे? हे सगळे पाश्चात्त्य थेर.’ दुसरी : ‘यात नवे ते काय? आपल्याकडे हे सगळे होतेच.’ माझ्या मते या दोन्ही प्रतिक्रिया इतिहासाला धरून नाहीत आणि दोन्हींमुळे आपले नुकसान होते. ते कसे, हे क्रमाने मांडतो. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२. आधी अडचण समजून घेऊ. उन्हाळ्यात चॉकलेटचा गंध जड का वाटतो? मे महिन्यात दुपारी नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नलला पाच मिनिटे उभे राहावे, म्हणजे उत्तर कळते. उष्णतेत गंधद्रव्यांची वाफ लवकर होते. लिंबूवर्गीय सालींचे हलके रेणू काही मिनिटांत उडून जातात, तर व्हॅनिला आणि पचौलीसारखी तळाची द्रव्ये तासन् तास रेंगाळतात. वरचा तजेला संपतो आणि खालचा गोडवा एकटाच उरतो. त्या गोडव्याला धूळ, डिझेल आणि घाम यांची साथ मिळाली की डोके धरते.

३. म्हणूनच आपल्याकडे अत्तरांना ऋतू असत. हिना, कस्तुरी, अंबर ही थंडीची अत्तरे, तर वाळा, गुलाब, मोगरा ही उन्हाळ्याची. हा नियम केवळ दरबारी नव्हता. माठात वाळ्याची जुडी टाकणे, रात्री पाण्यात मोगऱ्याची चार फुले सोडणे, खिडकीला वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडणे ही साध्या घरांतलीही पद्धत होती. त्यामुळे ‘उन्हाळ्यात गोड आणि जड नको’ हा आपला संस्कार अनुभवातून आलेला आहे. त्याला मागासलेपण म्हणण्याचे कारण नाही.

४. मग चॉकलेट आणि उन्हाळी फुले यांची सांगड कोणी घातली? एखाद्या आधुनिक कंपनीने, असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती निराळी आहे. मेक्सिकोत कोकोचे पेय पिणारे लोक त्यात सुरुवातीपासूनच फुले घालत. कानाच्या आकाराच्या पाकळ्या असलेले एक सुगंधी फूल, मिरीच्या कुळातील एका वनस्पतीचे तुरे आणि व्हॅनिलाच्या शेंगा हे त्यांचे प्रमुख मसाले. कोको युरोपात गेला तेव्हा ती फुले तिथे सहज मिळेनात. १६३१ साली माद्रिदमध्ये अंतोनियो कोल्मेनेरो द लेदेस्मा या वैद्याने चॉकलेटवर पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यातील कृतीत त्या फुलांऐवजी गुलाब सुचवलेला आढळतो.

५. म्हणजे चॉकलेट आधी सुगंधी पेय होते. घट्ट वडी, दूध आणि भरपूर साखर या गोष्टी फार नंतरच्या. आज आपल्याला ‘चॉकलेटचा वास’ म्हणून जो आठवतो, तो बव्हंशी दूध, साखर आणि व्हॅनिला यांचा एकत्रित वास असतो. आपली आठवणही अलीकडची आहे. कॅडबरी भारतात आली १९४८ साली. ठाण्यातील तिच्या कारखान्यावरून ‘कॅडबरी जंक्शन’ हे नाव रूढ झाले. त्याच बाजूने मुंबईहून निघालेली वाहने पुढे नाशिकच्या द्वारका चौकात येतात. दोन-तीन पिढ्यांची ही आठवण आपण कोकोचा संपूर्ण इतिहास समजून बसलो आहोत.

६. आता मुख्य प्रसंगाकडे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील तोस्कानावर कोझिमो तिसरा द मेदिची याची सत्ता होती (१६७० ते १७२३). त्याचा वैद्य फ्रान्चेस्को रेदी. कुजलेल्या मांसातील अळ्या आपोआप जन्मत नाहीत, हे १६६८ साली प्रयोगाने दाखवणारा शास्त्रज्ञ तो हाच. १६८५ साली आपल्या एका काव्याला जोडलेल्या टिपांत रेदीने लिहिले आहे की तोस्कानाच्या दरबारात चॉकलेटला लिंबूवर्गीय ताज्या सालींचा आणि जाईच्या फुलांचा गंध दिला जाई. दालचिनी, व्हॅनिला, अंबर आणि कस्तुरी त्याच्या जोडीला असत.

७. ही यादी पुन्हा वाचा. वर लिंबाची साल, मध्ये जाईवर्गीय फूल, खाली कोको आणि व्हॅनिला. आज जे ‘नवीन’ म्हणून बाटलीत मिळते, त्याचा आराखडा तीनशे चाळीस वर्षांपूर्वी कागदावर उतरलेला होता. फरक इतकाच, की तेव्हा ते कपातून पीत.

८. जाईच्या चॉकलेटची कृती दरबाराने गुप्त ठेवली होती. रेदीच्या मृत्यूनंतर (१६९७) ती उघड झाली. भाजून भरडलेला कोको घ्यायचा, त्यावर ताज्या फुलांचा थर, पुन्हा कोको, पुन्हा फुले. दिवसभराने कोमेजलेली फुले काढून ताजी घालायची. असे दहा-बारा वेळा करायचे. मग साखर, व्हॅनिला, दालचिनी आणि किंचित अंबर मिसळून वाटायचे. वाटताना दगड फार तापू द्यायचा नाही, नाहीतर फुलांचा वास जातो.

९. हे शक्य होते यामागे साधे रसायन आहे. कोकोच्या दाण्यात निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो आणि स्निग्ध पदार्थ गंध धरून ठेवतो. फुलातून वास हवेत सुटतो, तो शेजारची चरबी शोषून घेते. फुलावर उष्णतेचा प्रयोग करावा लागत नाही. जाई, मोगरा ही फुले खुडल्यावरही काही तास गंध देत राहतात, म्हणून ही पद्धत त्यांना विशेष मानवते.

१०. इथे मराठी वाचकाला काही आठवायला हवे. तिळातही तेलाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते आणि तिळांवर फुलांचे थर देऊन नंतर ते तीळ घाण्यात गाळणे ही आपल्याकडील अतिशय जुनी पद्धत आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ साधारण ११२९ सालचा. त्यात राजाच्या स्नानोपभोगाचे वर्णन करताना केतकी, चंपक यांसारख्या फुलांनी वासित केलेल्या तिळांच्या तेलाचा निर्देश येतो. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठी सीमेलगतच्या बीदर जिल्ह्यातले. ज्या ग्रंथात मराठी भाषेचे प्रारंभीचे नमुने सापडतात, तोच हा ग्रंथ.

११. गंधशास्त्राच्या परिभाषेत या क्रियेला ‘वासन’ म्हणतात. जुन्या ग्रंथांत सहा क्रिया सांगितल्या आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. पैकी वासन म्हणजे फुलांचा सहवास देऊन पदार्थ सुगंधित करणे. माठातल्या पाण्यात मोगरा टाकणारी आजी वासनच करत होती आणि फ्लोरेन्सच्या राजवाड्यात कोकोवर जाई अंथरणारा कारागीरही तेच करत होता. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

१२. आता गोवा. सतराव्या शतकाच्या अखेरीस भरगच्च पाकळ्यांच्या मोगऱ्याची, आपण ज्याला बटमोगरा म्हणतो तशा जातीची, रोपे गोव्याहून पोर्तुगीजांच्या मार्फत कोझिमोच्या बागेत पोहोचली. फ्लोरेन्सजवळच्या कास्तेल्लो येथील मेदिची उद्यानात त्यांच्यासाठी खास उबदार घर बांधले गेले. ते आजही मोगऱ्याच्याच नावाने ओळखले जाते. ‘मुगेरीनो’ हा इटालियन शब्द पोर्तुगीज ‘मोगारीं’वरून आला आणि त्याच्या मुळाशी आपला मोगरा-मोगरी आहे. या जातीला जगभरातील बागांत अजूनही ‘ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी’ म्हणतात. रोप गेले गोव्याहून, नाव लागले ग्रँड ड्यूकचे.

१३. इथेच सावध व्हायला हवे. ‘गोव्याच्या मोगऱ्याने मेदिचींचे चॉकलेट सुगंधित झाले’ हे वाक्य किती आकर्षक आहे! ते लिहिले असते तर हा धागा बहुधा पन्नास गटांत फिरला असता. पण कालक्रम त्याला साथ देत नाही. रेदीची टीप १६८५ची, गोव्याचा मोगरा त्यानंतरचा. रेदीने लिहिलेली फुले तोस्कानात आधीपासून रुजलेल्या जाईची असणार. जाईचे कूळ पूर्वेकडून युरोपात गेले, हे खरे. पण त्यावरून चॉकलेटच्या त्या कृतीवर गोव्याचा हक्क सिद्ध होत नाही.

१४. ‘आपल्याकडे हे होतेच’ या प्रतिक्रियेला माझा आक्षेप इथे आहे. ती खोटी आहे म्हणून नव्हे, तर ती अर्धी आहे म्हणून. आपल्याकडे वासन होते, कोको नव्हता. मेक्सिकोत कोको आणि फुले दोन्ही होती. फ्लोरेन्सकडे दोन्ही बाहेरून आले आणि तिथे त्यांची नवी जोडणी झाली. यातील प्रत्येकाचा वाटा नेमका सांगता येतो. तो नेमका सांगणे म्हणजेच इतिहास. सगळे आपलेच होते असे म्हटले की आपले जे खरोखर होते, त्याचीही किंमत उरत नाही.

१५. मग आपले खरोखर काय होते? नाशिकपासूनच सुरुवात करू. द्वारकेहून मुंबईच्या दिशेने काही किलोमीटर गेले की पांडवलेणी लागतात. तिथे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेवलेल्या कायम ठेवीची त्यात नोंद आहे. ठेव ज्या श्रेणींकडे सोपवली त्यांत कुंभार आहेत आणि ‘तिलपिषक’ म्हणजे तेली आहेत. हे तेली सुगंधी तेल करत होते असे लेख म्हणत नाही, म्हणून मीही म्हणणार नाही. पण तिळाचे तेल गाळणारी, लोकांची ठेव सांभाळण्याइतकी विश्वासू संघटना या गावात होती, हे निश्चित.

१६. त्याहून थेट पुरावा कार्ल्याला आहे. तेथील चैत्यगृहाच्या दाराचे दान धेनुकाकट येथील सिंहदत्त नावाच्या ‘गांधिका’ने दिल्याचे कोरलेले आहे. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. आपण ज्या दारातून वाकून आत पाहतो, फोटो काढतो, ते एका अत्तरवाल्याच्या कमाईतून उभे राहिले. महाराष्ट्रात हा व्यवसाय किती जुना आणि किती प्रतिष्ठित होता, याला याहून चांगली साक्ष कोणती?

१७. आणि सर्वांत महत्त्वाचे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४०च्या दशकात एका दुर्मिळ हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यात गंगाधराचा ‘गंधसार’ आहे आणि ‘गंधवाद’ नावाचा अज्ञात लेखकाचा ग्रंथ आहे. या ‘गंधवादा’वर मराठी टीका आहे. गोडे यांनी तिचा काळ १३५० ते १५५० यांच्या दरम्यान मानला. पुढे हे दोन्ही ग्रंथ आर. टी. व्यास यांनी संपादित केले आणि बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९८९ साली प्रसिद्ध केले.

१८. थोडे थांबून याचा अर्थ लक्षात घ्यावा. आपल्या भाषेत पाचशे वर्षांपूर्वी कोणीतरी सुगंध बनवण्याच्या कृती समजावून सांगत होते. संस्कृत येत नसलेल्या, पण हाताने काम करणाऱ्या माणसाला ते समजावे म्हणूनच मराठीत सांगत होते, असे मानायला जागा आहे. इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी असूनही या टीकेचे नाव मी वर्गात ऐकले नाही. एका तळटीपेचा माग काढताना ते हाती लागले. लढाया आणि तह यांची सनावळी आम्हांला तोंडपाठ आहे. हाताच्या विद्यांचा इतिहास मात्र अभ्यासक्रमाच्या उंबऱ्याबाहेर उभा आहे.

१९. या ग्रंथांचा आणखी एक धडा ‘पूर्वी सगळे शुद्ध, नैसर्गिक होते’ असे सांगणाऱ्यांसाठी आहे. गंधशास्त्र हे मिश्रणाचेच शास्त्र होते. त्याचे नावच ‘गंधयुक्ती’. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त सोळा द्रव्यांतून चार-चार निवडण्याचे १,८२० प्रकार मोजून दाखवले. पुढील ग्रंथांत कृत्रिम कस्तुरीच्या कृतीही येतात. म्हणजे महाग द्रव्याला पर्याय शोधणे, नवी जोडणी करून पाहणे हे त्या विद्येत निषिद्ध नव्हते. उलट, तेच तिचे काम होते. त्या काळच्या गांधिकाच्या हाती कोको पडला असता, तर त्याने तो विटाळ म्हणून टाकून दिला नसता. आधी नाकाशी धरला असता.

२०. ‘पाश्चात्त्य थेर’ म्हणणाऱ्यांसाठीही एक माहिती. खाद्यगंधांच्या आधुनिक परफ्यूमची लाट ज्यामुळे आली असे मानतात, त्या ‘एंजल’चा (१९९२) कणा पचौलीचा आहे. कॅरमेलसारख्या गोडव्याला चॉकलेटची खोली येते ती बरीचशी या पचौलीमुळे. आपल्या वेणीत मरव्या-दवण्यासोबत माळली जाणारी पाच ही तिची सख्खी बहीण. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जात, त्यांना कसर लागू नये म्हणून घड्यांत पचौलीची पाने घालत. शाल खरी की नकली हे तिथली गिऱ्हाइके वासावरून ओळखू लागली. पॅरिसच्या बाटलीतले चॉकलेट आपल्या परसाला इतके अनोळखी नाही.

२१. मात्र ‘सगळे सगळ्यांचे’ असे म्हणून विषय संपवणेही मला पटत नाही. सुगंधाच्या इतिहासात नाव एकाचे लागते आणि काम दुसऱ्याचे असते. चॉकलेटच्या गंधातला अविभाज्य भाग म्हणजे व्हॅनिला. तिच्या फुलाचे हाताने परागण करण्याची सोपी रीत १८४१ साली रीयुनियन बेटावर एदमों नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. त्या रीतीवर मळे उभे राहिले, श्रीमंत घराणी उभी राहिली. एदमों स्वतः गरिबीतच मेला.

२२. आज आपल्या जवळचे उदाहरण घ्या. जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागातील आदिवासी शेतकरी मोगरा पिकवतात. कळी उमलण्याआधी खुडावी लागते, म्हणून पहाटेपासून वाकून वेचणी चालते. तीच कळी संध्याकाळी गजऱ्यात उमलते. द्वारकेच्या सिग्नलवर काच खाली न करताच आपण ज्या गजरेवाल्या बाईंना हाताने नकार देतो, त्यांच्या ओंजळीत ही सगळी पहाट असते. परफ्यूमच्या खोक्यावर ‘भारतीय मोगरा’ असे सोनेरी अक्षरांत छापले जाते, पण त्या पहाटेचा उल्लेख तिथे नसतो.

२३. नाशिकला मोगल काळात ‘गुलशनाबाद’ म्हणत, मराठ्यांच्या काळात पुन्हा नाशिक हे नाव प्रचारात आले. त्या नावांवरून आपण आजही तावातावाने वाद घालतो. या शहराची फुले कोण लावत होते, तेल कोण गाळत होते, गंध कोण विकत होते, यावर मात्र कोणी वाद घालत नाही. कारण त्याविषयी आपल्याला फारसे सांगताच येत नाही. माझ्या मते खरी लाजिरवाणी गोष्ट ती आहे. चॉकलेटचा परफ्यूम वापरणे ही नव्हे.

२४. तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. उन्हाळ्यात चॉकलेट-मोगऱ्याचा परफ्यूम आवडला तर खुशाल वापरावा. संस्कृती त्याने बुडत नाही. बेताने लावावा, आपले ऊन फ्लोरेन्सचे नव्हे. पण ‘हे आमचेच’ असे म्हणण्यापूर्वी जे निःसंशय आमचे आहे ते वाचावे. ‘गंधवादा’ची मराठी टीका आजच्या मराठीत, अर्थ आणि टिपांसह, सामान्य वाचकाच्या हाती पडायला हवी. इतिहास, वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र या तिन्ही विभागांतील विद्यार्थ्यांनी एकत्र बसून करावे असे ते काम आहे.

२५. आणि एक विनंती. आपल्या घरी, गावी फुलेल तेल, उटणे, बुक्का, उदबत्ती किंवा अत्तर करण्याची रीत कोणाला माहीत असेल, तर ती त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावी : कोणते फूल, किती थर, किती दिवस, कोणते भांडे. या धाग्याखाली लिहिलेत तर सर्वांनाच वाचता येईल. पाचशे वर्षांपूर्वी एका अनामिक मराठी माणसाने नेमके हेच केले, म्हणून आज आपल्याला त्या विद्येविषयी दोन शब्द तरी बोलता येतात. धागा समाप्त.